लांब लेन्सची बॅग

"हिच्यात हवा खेळते का?" विर्योने चौथ्यांदा विचारलं.

दुकानदार हेन्द्राने चौथी बॅग फळीवरून खाली काढली. "काका, कॅमेऱ्याला हवा कशाला?"

"लेन्सला बुरशी धरते." विर्यो तयारीनेच आला होता.

बायको लास्त्री स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या छंदाची खरेदी करायला ती पहिल्यांदाच आपणहून निघाली होती, आणि नेमकी हीच गोष्ट विर्योला जड जात होती.

कारण कॅमेरा नुसता नावाला. जावयाचा जुना. बॅगेतून जाणार होता शामा पक्षी, अरुंद पिंजऱ्यासकट. गेल्या वर्षी लास्त्रीने त्याला अकराच्या अकरा पिंजरे विकायला लावले होते. "आणखी एक पाखरू आणलंत तर मी सुराबायाला लेकीकडे जाईन, ती परत यायची नाही," असं बजावलं होतं. आणि ही बाई बोलेल ते करणारी.

विर्योने दोन महिने कसेबसे काढले. मग एक शामा घेतलाच आणि ठेवला शेजारच्या दार्मोकडे. सकाळी गल्लीतल्या बायकांची कवायत दार्मोच्याच अंगणात चाले. लास्त्रीही जाई. म्हणून विर्यो दुपारी गुपचूप जाऊन पक्ष्याला रातकिडे भरवून येई.

रविवारी मागेलांगला पक्ष्यांची गाण्याची स्पर्धा होती. उघडा पिंजरा घेऊन गल्लीतून निघाला असता, तर बातमी त्याच्याआधी घरी पोचली असती. फोटो काढायला जातो म्हटलं की झालं.

पण आठवडा झाला, शामा दुपारी रातकिड्यांना चोच लावत नव्हता. आजारी पडला तर गाणार काय, कपाळ? विर्योची झोप उडाली होती.

"लेन्स केवढी आहे?" हेन्द्राने विचारलं.

विर्योने हातांनी माप दाखवलं. "अशी लांब. आणि नाजूक. वाकता कामा नये."

"लेन्स वाकते?"

"महागातली वाकते."

हेन्द्राने मान डोलावून आणखी एक काळी बॅग खाली काढली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

"आत अंधार राहतो ना पण?" लास्त्रीने मध्येच विचारलं. "आणि बसमध्ये धक्के बसले तर?"

"बसत नाहीत काकू. चारी बाजूंनी गादी आहे."

विर्योला एकदम भरून आलं. बिचारी त्याच्यासाठी कॅमेऱ्यातलं शिकायला बघत होती, आणि तो तिच्या डोळ्यांत धूळ फेकत होता. स्पर्धा संपली की हिला सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. निदान बक्षीस मिळालं तर.

आता लवकर सुटावं म्हणून त्याने हातातली हिरवी बॅग पुढे केली. "हीच बांधा."

लास्त्री उठली. तिने बॅगेची चेन उघडली, हात आत घालून वितीने माप घेतलं आणि बॅग हेन्द्राकडे परत सरकवली.

"ही नको, ती काळी द्या," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "हिच्यात शेपूट दुमडेल त्याचं. आणि ते दुपारचे रातकिडे आधी बंद करा तुम्ही, सकाळी मी पंधरा घालून येते."