पहिल्यापासून

लहानपणी तिला व्हायोलिन शिकवणारे सर डोळे मिटून ऐकायचे. तिचं वाजवून झालं की क्षणभर तसेच बसायचे आणि डोळे न उघडताच म्हणायचे, "पुन्हा एकदा. पहिल्यापासून." नेमकं कुठे चुकलं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. ती चूक शोधण्यापायी तिने बोटं सोलवटून घेतली, शेजाऱ्यांचे शिव्याशाप घेतले आणि होता होता स्वतःच शिकवणीची बाई झाली.

काल दुपारी तिचं जेवण जरा जास्तच झालं होतं. समोर एक चिमुरडी तोच जुना धडा घासत होती. अचानक खोली शांत झाली आणि खुर्चीत पेंगलेली ती दचकून जागी झाली.

"बाई, कुठे चुकलं?"

पोरीने काय वाजवलं, कुठे थांबली, तिला काडीचा पत्ता नव्हता. तोंडातून आपोआप निघालं, "पुन्हा एकदा. पहिल्यापासून."

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिकवणी संपताच तिने नव्वदीतल्या सरांना फोन लावला.

"सर, खरं सांगा. मी वाजवत असताना तुम्ही चक्क झोपायचात ना? आणि मी मेली तीस वर्षं चूक शोधत बसलेय!"

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. सर दुखावले बहुतेक. एवढ्या मोठ्या माणसाला आपण हे काय बोलून बसलो, म्हणून तिचे डोळे भरून आले. ती माफी मागणार, तेवढ्यात सरांचा तोच धीरगंभीर आवाज आला.

"पुन्हा एकदा. पहिल्यापासून."