वत्सलाचा नंबर

बायको वत्सला वारल्यावर तिच्या उरलेल्या गोळ्या परत द्यायला दत्तोबा इस्पितळात आले.

"काका, चाचणीतल्या दोन औषधांपैकी हे गुण देत नव्हतं, म्हणून मध्येच बंद केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्मा खर्च वाचला. तो आता चांगल्या औषधाकडे वळवलाय."

"कुणाला कुठलं द्यायचं, ते कुणी ठरवलं?"

"संगणकानं. नोंदणीच्या क्रमानं, एकाआड एक."

दत्तोबांना नोंदणीचा दिवस आठवला. रांगेतल्या मागच्या बाईची एसटी चुकेल म्हणून वत्सलानं तिला आपला नंबर देऊन तिचा घेतला होता.

बाहेर बाकावर तीच बाई बसली होती. अंगानं चांगली भरली होती.

"दादा, ताई कुठायत? आज माझ्याआधी त्यांना जाऊ द्या."

दत्तोबांनी तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"तिला आता घाई नाही," ते म्हणाले. "तुम्ही जा. एसटी चुकेल."