मोठा पिंजरा

मुलांनो, धारूरच्या घाटाजवळची एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं घर. दिवाळीनंतर घरची माणसं ऊसतोडीला गेली, तेव्हापासून दाराला कुलूप. आता हळूच त्या दाराला कान लावा. आत काहीतरी हलतंय.

सातवीतली रोहिणी तशीच कान लावून उभी होती.

“सरक बाजूला,” तिचे चुलते शहादेवतात्या म्हणाले. त्यांच्या हातात काठी होती.

तीन दिवस गल्लीला झोप नव्हती. अंधार पडला की माळ्यावर खरखर व्हायची. मग बारीक रडणं ऐकू यायचं. ओट्यावर ठेवलेल्या भाकरी नाहीशा व्हायच्या. शेजारचा हरिबा म्हणायचा भूत आहे. तात्या म्हणायचे उदमांजर.

“सांजेपर्यंत निघालं न्हाई तर धूर करून मारतो. परवा छबुबाईकडं लगीन हाय, मावशीकडं गेलेली नवरीबी उद्या येईल. पाव्हणे काय म्हणतील?”

“मारू नका ना तात्या. काका येऊ लागलेत.”

काका म्हणजे उत्तरेश्वर. जंगली जनावरं जिवंत धरून सोडायचा त्याच्याकडे वनखात्याचा परवाना होता. शाळेत येऊन तो मुलांना सगळं समजावून गेला होता. त्याचा नंबर रोहिणीने वहीत लिहून ठेवला होता आणि फोनही तिनेच केला होता.

दुपारी टेम्पो आला. मागे माणूसभर लांबीचा पिंजरा.

“आरं, उदमांजराला बिबट्याचा पिंजरा?” हरिबा हसला. “उंदराला हत्तीचा आणशील बे!”

“पोरीनं सांगितलं, मोठाच आणा.”

तात्यांनी रोहिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

छबुबाई, घरमालकाची बहीण, किल्ली घेऊन आल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

“लग्नघरात झोप कुठली,” कोणी विचारलं नव्हतं तरी त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वर एकटाच आत गेला. चुलीवर धूळ होती, पण रांजणाचा तळ ओला होता. मागचा एक पत्रा उचकटलेला. त्याने बॅटरी माळ्याकडे वळवली. गाठोड्यांच्या मागून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते.

मग त्याने बॅटरी विझवली.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“काय हाय?” तात्यांनी विचारलं.

“मादी. लहान हाय. लई भेदरलीय.”

“बघू तरी दे की.”

“न्हाई. गर्दी दिसली की जीव घाबरतो. पिंजरा आत ठेवा आन् समदे लांब व्हा.”

बाजूला जाऊन त्याने फोन लावला. “मॅडम, तुमी स्वतः गाडी घेऊन घाटात थांबा. हो, जिवंत.”

अर्ध्या तासाने त्याने हाक मारली. पिंजऱ्याला चारी बाजूंनी ताडपत्री होती. बांबू घालून चौघांनी तो उचलला. तात्यांनी स्वतः खांदा दिला. आतून श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

“जड हाय की!” हरिबा धापा टाकत म्हणाला. “काय खाल्लं हिनं?”

“आपल्या भाकरी,” तात्या म्हणाले. सगळे हसले.

छबुबाई पदर तोंडाला लावून मागे सरकल्या. “लांब ने बाबा. पुन्ना गावात येऊ देऊ नको.”

उत्तरेश्वरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “न्हाई येणार,” तो म्हणाला.

टेम्पो निघाला. माणसं आपापल्या घरी वळली. रोहिणी मात्र एक दप्तर काखेत मारून शेताच्या वाटेने धावत सुटली. वळणावर टेम्पो हळू झाला, तशी ती मागच्या फळीवर चढली. तिने ताडपत्रीचं टोक उचललं आणि आपल्या बाकावर बसणाऱ्या दीपमालाचं, छबुबाईंच्या लेकीचं, परवाच्या नवरीचं, दप्तर गजांमधून आत सरकवलं.