काटा ‘एन’वर

शेठची अमेरिकन गाडी कतारगामच्या बोळाच्या तोंडाशीच बंद पडली आणि तिच्यामागे यंत्रमाग लादलेला ट्रक अडकला.

शेठला माग दिवस मावळायच्या आत गावाबाहेर काढायचे होते. भटू कामगारांतर्फे कोर्टाचा मनाईहुकूम आणायला गेला होता. तो येईतो ट्रक बोळात राहिला तर माग वाचणार. सुटला तर साऱ्या चाळीच्या चुली थंड.

ड्रायव्हर राघो खानदेशचा. त्याची बायको धुरपदाबाई शेठच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मुंबईहून ही जुनी गाडी आल्यापासून राघोची मिजास वाढली होती. उजवी चप्पल झिजे, डावी कोरीच राही, तीही तो कौतुकाने दाखवी.

“ट्रकनं ढकलू का?” ट्रकवाल्याने विचारलं.

“बंपरना पैसा तारो बाप आपशे?” शेठ कडाडले. मग राघोकडे वळले. “तू नीचे उतर. तारी बायडी सामने ओट्यावर बसली आहे. ब्रेक दाबून बसशील!”

राघो उतरला. शेठ स्वतः स्टिअरिंगवर बसले. एरवी ते मागे रेलून बसत. गाडी हाकली होती ती तरुणपणी, सासऱ्याच्या फियाटवर.

राघोने खिडकीतून डोकं घातलं. “ही दांडी ओढा, शेठ. काटा ‘एन’वर आला? झालं न्यूट्रल. आता डाव्या पायानं क्लच दाबून धरा.”

“खबर छे, खबर छे.” फियाटवर एवढं तर ते नक्की शिकले होते.

हमालांनी जोर लावला. सर्वांत पुढे राघोचा खांदा. गाडी ढिम्म. ट्रकवरचे हमाल उतरवले, तरी ढिम्म.

“क्लच सोडू नका, शेठ!” राघो घाम पुसत ओरडे.

“नथी छोडतो!”

ओट्यावरच्या बाया हसत होत्या. धुरपदाबाई हसत नव्हती.

“शेठना बैल व्हयी ग्यात का तुम्ही?” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “आपलाच माग लोटी देतस!”

राघोने पुन्हा खांदा लावला. शेठ मात्र खूश होते. “माणूस हा एकच. बाकी सब हरामखोर!”

उन्हं कलली तेव्हा भटू सायकलवरून आला, मागे कोर्टाचा माणूस. ट्रकवर सील बसलं. शेठचा डावा पाय इतका बधिर झाला होता की दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं.

घराकडे धुरपदाबाई पुढे, राघो मागे.

“आज भाकर नही भेटाव तुमले,” ती वळून म्हणाली. “काय वरडत व्हतात शेठना कानमा?”

“क्लच सोडू नका.”

“मंग?”

राघोने डावी चप्पल काढून धूळ झटकली.

“त्या गाडीले क्लचच नही,” तो म्हणाला. “तो बिरेक शे.”