कोंबडीचे पाय

कोटाच्या बाह्या तीन इंच आखूड निघाल्या आणि मास्तरांनी मापांची वही काजेवालीपुढे आपटली.

"हे अक्षर आहे? नुसते कोंबडीचे पाय."

शिवणखान्यात कुणी मान वर केली नाही. मास्तरांच्या लेखी इथे कुणाला धड सुई धरता येत नव्हती, मालकालासुद्धा नाही. काजेवालीच्या लेकीने कॉलेजातून मास्तरांच्या या वागण्याला नाव आणलं होतं: अहंगंड. स्वतःला सगळ्यांपेक्षा वरचढ समजायचा आजार. मास्तर चहाला गेले की हा शब्द मशिनीमशिनींवरून फिरायचा. असा माणूस आतून घाबरलेला असतो, असंही लेक म्हणाली होती. त्यावर काजेवाली पोट धरून हसली होती. मास्तर आणि घाबरणार!

आज हसण्यासारखं काही नव्हतं. मालक दारात उभा होता. चूक ज्याची असेल त्याने उद्यापासून येऊ नये, एवढंच तो म्हणाला.

मापं वहीत लिहायचं काम काजेवालीचं. कापड बेतायच्या वेळी मास्तर तिला बोलावत, तुझं अक्षर तुलाच लागतं म्हणून झापत, आणि ती आकडे मोठ्याने वाचून दाखवी. परवा ती लवकर घरी गेली होती. कोट मास्तरांनी एकट्यानेच बेतला होता. वहीत तर बाहीपुढे सव्वीस स्वच्छ लिहिलेलं होतं.

आता बरे सापडले, असं तिला वाटलं. "मास्तर, काय लिहिलंय ते तुम्हीच दाखवा मालकांना."

मास्तरांनी वही लांब धरली, मग जवळ आणली. तेवीस, असं ठासून सांगितलं. त्यांचा अंगठा भलत्याच गिऱ्हाइकाच्या नावावर होता.

गेली दोन वर्षं कोंबडीचे पाय कशासाठी ऐकून घेतले, ते काजेवालीला कळलं.

तिने वही हळूच काढून घेतली. "अक्षर माझंच बारीक आहे, मालक. कापड उरलंय. संध्याकाळच्या आत नव्या बाह्या लावते."

मालकाने दोघांकडे पाहिलं, ही शेवटची वेळ म्हणून बजावलं आणि तो गेला.

तिने जाड पेन घेतलं, अर्धं पान भरेल एवढं सव्वीस लिहिलं आणि वही मास्तरांच्या टेबलावर ठेवली.

"सव्वीस," मास्तरांनी एका दमात वाचलं. "आता कुठे जरा वळण लागलं अक्षराला."

"तुमच्याच हाताखाली आहे, मास्तर."

ते कापडावरून हात फिरवत राहिले. मग, पुढची पानंही अशीच लिही, असं काहीतरी म्हणाले. त्यांचं बोलणं ऐकायला तिला पहिल्यांदाच जवळ जावं लागलं.