भर दुपारची भुतं

बायको मर्लीन गेल्यापासून ऑर्विल घराबाहेर पडला नव्हता. चार महिन्यांनी, एका शनिवारी, त्याच्या मुलीने, डार्लाने, त्याला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. मेकनहून तीन तास गाडी हाकत सगळे सव्हानाला पोहोचले. नातवंडांनी हट्ट धरला तो जुन्या घरांतली भुतं दाखवणाऱ्या फेरीचा.

"डॅडी, तुम्ही हवं तर बाकावर बसा," डार्ला म्हणाली. आई दर वर्षी या फेरीला जाऊ या म्हणायची आणि डॅडी हसून उडवून लावायचे, हे तिला ठाऊक होतं. 'मेलेलं माणूस कधी परत येतं का, वेडाबाई?'

"नको, येतो मी," ऑर्विल म्हणाला.

चौकातल्या एका घरासमोर माहिती सांगणाऱ्या मुलीने आवाज खाली आणला. "या घरची बाई वारली. पण अजून रोज पहाटे ती स्वयंपाकघरात येते आणि नवऱ्यासाठी कॉफी ठेवते."

नातवंडं किंचाळून डार्लाला बिलगली. बाकीची मंडळी हसली.

"कुणाला काही विचारायचंय?"

ऑर्विलने हात वर केला.

"डॅडी, बिचाऱ्या पोरीची टर उडवू नका हं," डार्ला कुजबुजली.

ऑर्विलने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.



"पोरी, गेल्यानंतर किती महिन्यांनी यायला लागली गं ती?"