गाजराच्या चकत्या

हरेशने हौसेने पाल पाळली, पण तिच्या खाद्याचे जिवंत रातकिडे सांभाळणं मनस्वीच्या गळ्यात पडलं. वाटीतल्या पाण्यात ते बुडून मरायचे, म्हणून ती डब्यात गाजराच्या ओल्या चकत्या टाकायची.

"मरायलाच आणलेत ना, मग एवढे लाड कशाला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"लाड कसले? किडा सुकला तर खाणाऱ्याच्या अंगी काय लागणार?" तो हसला.

तेवढ्यात सासूबाई शहाळं घेऊन आल्या. सातवा महिना लागल्यापासून त्यांनी तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"आई, आता नको. जरा खाली फिरून येऊ द्या ना."

"कुठं नाय जायचं! पी गो गपचूप," सासूबाईंनी शहाळं तिच्या तोंडाला लावलं. "तुझ्यासाठी नाय, पोटातल्यासाठी हाय."